‘आपली माणसं’ ग्रुप : ही फुलदाणी कुणी पाठवली?

सुजाता: नमस्कार सगळ्यांना. एक विनंती. रविवारी वास्तुशांत आहे, तुम्हा सगळ्यांना हौस आहे, सगळं मान्य. पण डायनिंगच्या कोपऱ्यासाठी मला न विचारता कुणी काही पाठवू नका प्लीज. आज परत एक खोकं आलंय.

ओंकार: काय निघालं काकू?

सुजाता: फुलदाणी. दोन फूट उंच. आत प्लास्टिकच्या लिली.

केतकी: 📷 टेबलावर ठेवून बघितली. पलीकडे बाबा बसलेत. फक्त केस दिसतायत.

ओंकार: केस??? काकांचे???

दिलीप: गप रे

वसुधा: जेवताना समोरचा दिसलाच पाहिजे असं कुठे आहे 😀 भावजी, गंमत हं.

नलू (पुणे): मी पाठवली. सरप्राइज होतं. आवडली नसेल तर फोन करून सांगायचं, ग्रुपवर कशाला?

सुजाता: ताई, तसं नाही हो. खोक्यावर नाव नव्हतं. छानच आहे. टेबलावर उंच पडते एवढंच. खाली कोपऱ्यात शोभेल.

नलू (पुणे): ठेव खाली. चपलांशेजारी ठेव.

केतकी: आत्या, रागावू नकोस ना. टेबलाच्या मधे जे ठेवायचं ते फूटभराच्या आत असावं, म्हणजे बसलेल्या माणसांची तोंडं एकमेकांना दिसतात. तुझी फुलदाणी पॅसेजच्या टोकाला मस्त दिसतेय, फोटो टाकते.

अण्णा: पंख्याचं काय ठरलं?

प्रकाशमामा: 🌹🌹 शुभ सकाळ. गोड बोला, गोड रहा 🌹🌹

ओंकार: मामा, साडेतीन वाजलेत

सुजाता: आता सगळे आहातच तर सांगते. माझ्या मनात आईंचं घंगाळ होतं. मधे ठेवायचं, पाणी घालायचं, वर मोगरा. पितळ नवीन भिंतीवर काय खुलेल!

वसुधा: घंगाळ??? ते आहे कुठे पण? चाळ रिकामी केली तेव्हापासून मी तरी पाहिलेलं नाही. मी काही म्हणत नाहीये.

नलू (पुणे): माझ्याकडे आहे. आईनेच दिलंय. तेव्हा कुणालाच जड सामान नको होतं, विसरलात का?

ओंकार: आत्या, त्यात तू छत्र्या ठेवतेस ना?

नलू (पुणे): हा मेसेज डिलीट केला गेला

वसुधा: छत्र्या 🙏

दिलीप: जाऊ दे. नवीन घेऊ. शनिवारी तांबा काट्याला जाऊन येतो.

सुजाता: नवीन आणि आईंचं सारखंच का? काठाला त्यांचं नाव ठोकलेलं आहे.

केतकी: आई, थांब. मी टेप घेऊन मोजलं. टेबलाची रुंदी तीन फूट. आपलं जेवणाचं ताट फूटभर. समोरासमोर दोन ताटं ठेवली की मधे उरतो एक फूट. त्यात भाताचं पातेलं, आमटी, कोशिंबीर, पाण्याचा जग. घंगाळ कडीसकट दीड फुटाचं तरी असेल. मग वाढणार कुठून?

अण्णा: बरोबर बोलली पोर. आणि पंख्याचं काय?

वसुधा: मासिकातल्या टेबलावर कुणी आमटीभात खात नसतं. तिथे तीन लिंबं ठेवली की सजावट झाली.

नलू (पुणे): मग रनर टाका. आईची ती जुनी जांभळी पैठणी आहे ना वहिनींकडे, पदर विरलाय. काठ-पदर कापून मधोमध पट्टा घातला तर राजेशाही दिसेल.

वसुधा: कापायची??? आईंची पैठणी???

नलू (पुणे): कपाटात कसर खाण्यापेक्षा बरं. मी काही म्हणत नाहीये.

ओंकार: 🍿

वसुधा: तिच्यावर आमटी सांडली की मग? हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, माहीत आहे ना? हळदीचा डाग जातो तो उन्हात. पैठणी दोरीवर उन्हात घालणार का?

सुजाता: वहिनी बरोबर आहे तुमचं. पैठणीला हात लावायचा नाही. खणाचं कापड आणते दादरहून, टेबलाच्या दोन्ही टोकांना वीतभर लोंबेल इतकं. डाग पडला तरी जीव जायला नको. आणि जेवायच्या वेळी गुंडाळून ठेवायचं.

दिलीप: म्हणजे जेवायचं नसेल तेव्हा सजावट.

सुजाता: तुम्ही काही घेऊ नका, बोलूही नका. अडीच हजाराची ती काचेची बदकं कुणी मागवली होती?

अण्णा: मी परत विचारतोय. टेबलावर लाईट टांगणार आहात असं केतकी म्हणाली. पंखा कुठे जाणार?

केतकी: अण्णाकाका सांगते. टेबलापासून अडीच ते तीन फूट उंचीवर एक लटकता दिवा. बांबूच्या शेडचा. बल्ब २७०० केल्व्हिनचा, पिवळसर. पांढऱ्या ट्यूबखाली वरणसुद्धा आजारी दिसतं.

अण्णा: ते ठीक. पंखा?

केतकी: पंखा आहेच की मधे छताला. दिवा त्याच्या बाजूने सोडायचा.

अण्णा: बेटा, रेल्वेत इलेक्ट्रिकलला जन्म गेला माझा. नीट वाच. दिवा पंख्याच्या वाऱ्यात आला की झोपाळ्यासारखा हलणार, ताटावर सावल्या नाचणार. दिवा पात्यांच्या वर गेला तर उजेड लुकलुकणार, डोकं दुखेल. म्हणून तुम्ही म्हणाल पंखा काढा. मे महिना आहे. मुंबई आहे. पंख्याशिवाय जेवून दाखवा.

ओंकार: एसी लावा ना

दिलीप: एसी बेडरूमचा आहे. हॉलचा पुढच्या दिवाळीला.

प्रकाशमामा: कैऱ्या आल्यात का बाजारात? लोणच्याला राजापुरी मिळाली तर पाच किलो माझ्या धरा.

वसुधा: मामा, माझ्याकडे दहा किलो आहेत, फोन करा.

नलू (पुणे): भिंतीवर काहीतरी मोठं लावा, म्हणजे टेबलावर काही नको आणि छतालाही नको. आरसा लावा. वास्तूत म्हणतात अन्न दुप्पट दिसतं.

वसुधा: खरकटंही दुप्पट दिसतं.

सुजाता: आरसा नको. मला स्वतःला घास घेताना बघायचं नाही. वारली चित्र बघितलंय. लग्नाचा चौक, मधे पालघाट देवी.

नलू (पुणे): पालघरची ना?

केतकी: पालघाट आत्या, देवीचं नाव. जिव्या सोमा म्हशे हे नाव ऐकलंयस ना? २०११ ची पद्मश्री. त्यांच्यामुळे ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर गेली. पण देवीचा चौक आमटीच्या फोडणीसमोर लावायचा का, मला प्रश्न आहे. मला गंजिफा जास्त आवडतो. सावंतवाडीचा, दशावताराचा. गोल पत्ते, लाखेचं काम. पूर्ण संचात १२० पत्ते असतात, आपण दहाच घ्यायचे, एका अवताराचा एक, आणि एकाच चौकटीत बसवायचे.

ओंकार: म्हणजे जेवणानंतर रमी

अण्णा: कुठल्या भिंतीवर?

केतकी: टेबलामागच्या.

अण्णा: तिच्यामागे बाथरूम आहे. पहिल्या पावसात ओल येणार. काचेच्या आत कागदाला बुरशी धरणार. समोरच्या भिंतीवर लाव. आणि चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, भिंतीला टेकू देऊ नकोस. हवा खेळली पाहिजे. आणि उंच लावू नकोस, माणसं तिथे बसलेली असणार, उभी नाही.

सुजाता: अण्णा, हे एकदम पटलं 🙏

अण्णा: पंखा?

दिलीप: अण्णा पंखा पंखा पंखा! सांग ना तूच काय करायचं ते.

अण्णा: शेवटी विचारलंस. छताचा पंखा तिथेच राहू दे. दिवा टांगू नका. भिंतीवर, चित्राच्या दोन्ही बाजूंना दोन ब्रॅकेट लाईट घ्या, उजेड वर-खाली पडणारे. तोच पिवळा बल्ब. चित्रावरही उजेड, ताटावरही उजेड, वारा सगळ्यांना. लोहार चाळीत मिळतील. रविवारी बंद असतं, शनिवारीच गाठा. मी येतो बरोबर, नाहीतर हा बदकं घेऊन येईल.

केतकी: काका 😂❤️

दिलीप: मी चोर बाजार बघून येईन म्हणत होतो शुक्रवारी. पितळेच्या जुन्या वस्तू

ओंकार: शुक्रवारी मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात काका. पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो तेवढाच.

सुजाता: तुम्ही पहाटे उठणार??

नलू (पुणे): 📷 हे घ्या. घासलं चिंचेने. काठावरचं नाव वाचता येतंय बघा. तळाला छत्र्यांचे ओरखडे आहेत, ते आहेत. शनिवारी येताना आणते. टेबलावर नको तर टेबलाशेजारी स्टुलावर ठेवा, मोगरा घाला. पण सुजाता, मुंबईच्या हवेत आठवड्यात काळं पडतं, तेव्हा मला फोटो पाठवायचा नाही. आणि परत आणायचं की ठेवायचं ते तूच ठरव.

सुजाता: ताई 🙏 राहू दे की आमच्याकडे. घासायचं मी बघते.

वसुधा: आईंचं छोटं तबक माझ्याकडे आहे. वीतभर. टेबलाच्या मधल्या फुटात बसेल. पूजेला लागतं मला, पण रविवारपुरतं देते. रविवारपुरतं म्हणाले, वाचलं ना सगळ्यांनी?

दिलीप: 👍

प्रकाशमामा: लाईट कुठली म्हणालात? आमच्याकडेही पंख्याखालचा दिवा हलतो.

अण्णा: फोन करा. ग्रुपवर परत लिहीत नाही.

वसुधा: सुजाता, रविवारी पान किती ते नक्की सांग. गुरुजी धरून का सोडून?