मदत हवी आहे: शिकारीचा बेत रद्द, आता दापोली-हर्णैला गळ टाकायचाय

नमस्कार मंडळी,

आमचे साडू बरीच वर्षं टेक्सासात आहेत. डिसेंबरात सहकुटुंब पुण्याला येतायत आणि त्यांचा एकच धोशा आहे, "कोकणात शिकारीला जाऊ." तिकडे रानडुकरांना बारमाही मोकळीक, जमीनमालकाने हो म्हटलं की झालं. त्यात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय की कोकणात डुकरांनी शेतकऱ्यांना सळो की पळो केलंय, म्हणजे आपण मारली तर उपकारच!

यावर माझं उत्तर देऊन झालंय, तेव्हा इथे पुन्हा तो वाद नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 प्रमाणे शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे. फासे लावणं, हाका घालून जनावर उठवणं, आमिष लावणं, नुसता प्रयत्न करणं हेही त्यात आलं. पीक नासणाऱ्या डुकरासाठी कलम 11 खाली लेखी परवानगी निघू शकते, पण ती पाहुण्यांच्या हौसेसाठी नसते. "गावात कुणाकडे ठासणीची बंदूक असेलच की" हेही बोलून झालं. तो विषय मी तिथेच संपवला.

शेवटी तह झाला तो गळावर. दबा धरून बसण्यातच खरी मजा, असं साडूंचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पण माझा सगळा सराव मुळशी-पानशेतच्या गोड्या पाण्यातला. खाऱ्याचं गणित वेगळं.

ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड करत दापोली गाठायची आणि आंजर्ले किंवा हर्णैला मुक्काम करायचा असं ठरतंय. दोन कुटुंबं, मुलं नऊ आणि बारा वर्षांची. बायकांनी आधीच जाहीर केलंय की मासळी हर्णैच्या लिलावातून येईल, तुमच्या भरवशावर वाटण करून ठेवणार नाही.

आता मुख्य अडचण जागेची. आंजर्ल्याला जोग नदीची खाडी समुद्राला मिळते ते मुख बरं, की हर्णैच्या कनकदुर्ग किल्ल्याखालचे खडक? मला खाडी बरी वाटते. साडूंना खडकच हवेत, कारण व्हिडिओत सगळे खडकावरच उभे असतात. शिवाय उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) जावं की भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला)? सुट्टी त्याप्रमाणे टाकायचीय. होडीने नेऊन गरवायला (गळाने मासे धरायला) शिकवणारा, पण मुलांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी न सोडणारा कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि बोहरी आळीत समुद्राच्या कामाचा दोरा-गळ मिळतो का, की ऑनलाइनच मागवू?

प्रतिसाद

मी मूळचा तिकडचाच, आता कोथरूडकर. डोळे मिटून खाडी घ्या. मुलं बरोबर असताना खडक नकोच. शेवाळावर पाय ठरत नाही आणि उधाणाची लाट पाठीमागून येते ती सांगून येत नाही.

भरतीचा आमच्याकडचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती पूर्ण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, पक्की वेळ तक्त्यात बघा. सप्तमी ते नवमी गाठा. भांग असल्याने पाण्याला ओढ कमी, आणि मासा खायला येतो त्या दोन्ही वेळांना पाणी भरलेलं. जाणते गरवणारे ओढीचं पाणी शोधतात हे खरं, पण पहिल्या खेपेला भांगच बरा.

आमिषाला जिवंत कोळंबी. खाडीत तांबोशी लागेल, नशीब असेल तर जिताडा. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. नुसता बारीक दोरा बांधलात तर तो कापून जातो, म्हणून पुढे हातभर जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधा. मासा काढतानाही कल्ल्यात बोटं घालू नका. मुळशीचा रॉड चालेल, पण रोज संध्याकाळी रीलसकट गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर तो पुण्याला परत येईल तो शोभेपुरता.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एक भर घालतो. साडूंना आधीच सांगून ठेवा की गळाला आलेलं सगळं आपलं नसतं. मोठा लांज (गिटारफिश) कायद्याने संरक्षित आहे, लागला तर फोटोच्या भानगडीत न पडता सोडायचा. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यांचा हंगाम थंडीतच सुरू होतो. अंधार पडल्यावर पुळणीवर टॉर्च मारत फिरू नका.

आणि गाडी वर रस्त्यावरच लावा. दर डिसेंबरात एमएच बारावाली एकतरी गाडी वाळूत रुतते आणि मग ट्रॅक्टर शोधत गावभर फिरावं लागतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कालनिर्णय काढून बसलोय. नाताळच्या सुट्टीत सप्तमी ते नवमी बसते का बघतो, नाही बसली तर सुट्टी पुढे ढकलू. होडीवाल्याचं मात्र अजून कुणी बोललं नाही.