काचेचे दागिने घडवायला शिकायचे आहे: ज्योतीवरचे मणी की भट्टीतील काच?

प्रश्न

नमस्कार. विकत आणलेल्या मण्यांपासून मी काही वर्षे माळा आणि कानांतले गुंफते आहे. आता मणीच स्वतः घडवावेत, असे मनापासून वाटू लागले आहे. छोट्या टॉर्चवर काचेच्या कांड्या वितळवून पंधरा-वीस मणी करून पाहिले. करताना ते सुरेख दिसले, पण त्यांतले निम्मे आठवडाभरात पेटीतल्या पेटीतच तडकले. काचेचे दागिने कोणकोणत्या प्रकारे घडवतात, नवशिक्याने आधी काय शिकावे आणि माझे मणी का तडकले असावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

तडकण्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते कारण कळल्याशिवाय कोणताही प्रकार निवडण्यात अर्थ नाही. ज्योतीतून काढलेल्या मण्याचा पृष्ठभाग आधी गार होऊन घट्ट होतो, आतला भाग नंतर आकसू पाहतो, आणि या ओढाताणीतला ताण काचेत कोंडून राहून पुढे कधीतरी तडा पाडतो. म्हणून मणी घडताच तो विजेच्या लहान भट्टीत ठेवून, मऊ सोडा-लाइम काच असेल तर साधारण ५०० अंश सेल्सिअसला, काही वेळ तसाच राहू द्यावा आणि मग काही तासांत हळूहळू थंड करावा. यालाच ॲनीलिंग म्हणतात. गरम व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या हलक्या दाण्यांत) पुरल्याने मणी लगेच फुटत नाही, पण आतला ताण पूर्णपणे निघत नाही. पारदर्शक मणी एकमेकांना आडव्या धरलेल्या दोन ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) पट्ट्यांमधून उजेडात पाहिल्यास ताणाच्या जागा उजळलेल्या दिसतात. ही तपासणी अवश्य करावी.

दुसरी शक्यता अशी, की आपण दोन वेगळ्या जातींच्या काचा एकत्र वितळवल्या असाव्यात. मणीकामाची मऊ काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या (उष्णता सोसणाऱ्या कडक काचेच्या) सुमारे तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटल्या तरी थंड होताना विलग होऊ पाहतात. कांड्यांवरचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते याचा आकडा (मऊ कांड्यांवर बहुधा १०४, बोरोसिलिकेटवर ३३) आधी पाहून घ्यावा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. प्रकारांविषयी थोडे लिहिते.

आपण केलेत ते गुंडाळलेले मणी: पोलादी सळईवर मातीसारखा लेप द्यायचा, वितळलेली काच तिच्यावर फिरवत गुंडाळायची आणि थंड झाल्यावर मणी सळईवरून सोडवायचा. पोतीचे बारीक मणी मात्र ओढीव असतात. त्यांच्यासाठी काचेची पोकळ नळी लांबच लांब ओढतात, तिचे तुकडे करतात आणि भोके बुजू नयेत म्हणून त्यांत भुकटी भरून, पुन्हा तापवून, घोळवून कडा गोल करतात. आंध्र प्रदेशातील पापानायडूपेट येथे नळी ओढण्याची फार जुनी रीत कारागिरांनी जपली आहे. दाबून घडवलेल्या मण्यांसाठी बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) याब्लोनेक परिसर प्रसिद्ध आहे. तिथे तापलेली कांडी साच्यात दाबून पाने, फुले, थेंब असे आकार काढतात. पैलूदार स्फटिक म्हणून जे विकले जाते तेही बहुधा मानवनिर्मित काचच असते. काचकारागीर डॅनिएल स्वारोव्स्की यांनी १८९२ मध्ये पैलू पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून हे काम यंत्रावर बिनचूक होऊ लागले. इटलीतील व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाची मिलेफिओरी (फुलांच्या नक्षीची काच) मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण तिथे रंगीत थर एकावर एक चढवून जाड कांडी बनवतात, ती ओढून बारीक करतात आणि कापतात, तरी प्रत्येक चकतीत तेच फूल उमटते.

तरीही आपण सुरुवात भट्टीत सांधलेल्या काचेपासून करावी, असे मला वाटते. सपाट तुकडे रचून सुमारे ८०० अंशांना एकजीव केले, की लोलक आणि कानांतल्यांसाठी सुंदर नग मिळतात, शिवाय त्याच भट्टीत ॲनीलिंगही होते. काच एकाच कारखान्याची, सांधण्यासाठी तपासलेली घ्यावी; नुसता प्रसरणांक जुळणे पुरेसे नसते.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांना गोल मणी हवेत, त्यांचे समाधान सपाट काचेने होत नाही. म्हणून आधी ॲनीलिंगची भट्टी घ्यावी, पण टॉर्च सोडू नये. एक कळकळीची विनंती: तापलेल्या काचेतील सोडियमची पिवळी झळाळी अडवणारा डिडिमियमचा (खास रंगीत काचेचा) चष्मा वापरावा, आणि भोकातला लेप मणी पाण्यात बुडवूनच घासून काढावा, कारण ती कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन कांड्यांवर वेगवेगळे आकडे आहेत, हे आत्ताच पाहिले. विकतचा मणी गुंडाळलेला आहे की ओढीव, हे नुसते पाहून ओळखता येते का?

प्रतिसाद २

होय. भिंगातून बुडबुडे पाहावेत: गुंडाळलेल्या मण्यात ते भोकाभोवती वळलेले असतात, ओढीव मण्यात भोकाच्या दिशेने लांबलेले. साच्यातल्या मण्यावर बहुधा बारीक शिवण दिसते.