सागुंतोचं रोमन थिएटर: जीर्णोद्धार की नासधूस?

खापरतुकडा
स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या उत्तरेला सागुंतो नावाचं गाव आहे. तिथे किल्ल्याखालच्या उतारावर इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं रोमन थिएटर आहे, १८९६ पासून राष्ट्रीय स्मारक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने जॉर्जो ग्रासी आणि मानुएल पोर्तासेली या वास्तुविशारदांकडून त्याचा जीर्णोद्धार करून घेतला. झिजलेल्या पायऱ्यांवर सरळ धारेच्या फिकट लाद्या बसल्या आणि रंगमंचामागे नवीकोरी उंच इमारत उभी राहिली.

स्पेनच्या १९८५च्या वारसा कायद्यानुसार पुनर्बांधणी करायची तर मूळचेच भाग वापरून. प्रकरण कोर्टात गेलं. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने काम बेकायदा ठरवलं, २००८ मध्ये ते काढायला १८ महिन्यांची मुदत दिली. २००९ मध्ये व्हॅलेन्सियाच्या न्यायालयाने निकालाची अंमलबजावणीच अशक्य म्हणून सांगितलं. थोडक्यात, बेकायदा आहे पण राहणार! माझ्या मते ही शुद्ध नासधूस. बोला.

निवांत नाखवा
त्याच स्पेनमधलं मेरिदा बघा. इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त रोमन सैनिकांसाठी वसवलेलं गाव. १९१० मध्ये उत्खनन सुरू झालं तेव्हा थिएटरचे फक्त वरचे सात सुळके मातीबाहेर होते, लोक त्यांना 'सात खुर्च्या' म्हणायचे. आज रंगमंचामागे संगमरवरी खांबांच्या दोन मजली रांगा दिसतात, त्या विसाव्या शतकात उभ्या केलेल्या आहेत. १९३३ मध्ये तिथे रोमन नाटककार सेनेकाचं 'मेडिया' झालं, मार्गारिता शिर्गू मुख्य भूमिकेत. सेनेका मूळचा स्पेनमधल्याच कोर्दोबाचा, म्हणजे घरचाच! वास्तू वापरात हवी! तिथे कुणी नासधूस म्हणून गळा काढत नाही.

खापरतुकडा
कारण मेरिदाचे खांब तिथेच मातीत पडलेले होते. पडलेलं उचलून मूळ जागी लावणं स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेलाही मान्य आहे. सागुंतोत नवा माल आणून जुन्याच्या डोक्यावर बसवला. उद्या रायगडावर राजवाड्याच्या जोत्यांवर कुणी कल्पनेने महाल चढवले तर चालतील का तुम्हाला?

गोदातीर
रायगड आला म्हणजे धागा शंभरी गाठणार :)

मुद्द्याचं बोलू. नव्या कामाआधी सागुंतोत जे दिसायचं ते तरी कुठे रोमन होतं? विसाव्या शतकात तिथे आधीही दुरुस्त्या झाल्या होत्या. प्रवासी ज्या पायऱ्यांवर भक्तिभावाने हात फिरवायचे, त्यातला बराच भाग त्या डागडुजीचा. ग्रासीचं म्हणणंच हे होतं की ही बनावट भग्नता आहे. त्यापेक्षा नवं ते नवं म्हणून स्वच्छ दिसू द्या. लाद्या जिथे संपतात तिथे कडेला जुना ओबडधोबड भाग उघडा ठेवलाय, शेंबडं पोरही सांगेल कुठलं काय.

आणि 'मूळ' म्हणजे नक्की कुठलं साल? मेरिदाच्या थिएटरची दुरुस्ती खुद्द रोमनांनीच चौथ्या शतकात केली. फ्रान्समधल्या आर्लचं तर आख्खं प्रेक्षागार मध्ययुगात गाव झालं होतं, आत दोनशेहून जास्त घरं, चर्चं, वर टेहळणीचे बुरूज. एकोणिसाव्या शतकात रोमन रूप मोकळं करायचं म्हणून ती घरं हटवली. शुद्धतेच्या नावाखाली कितीतरी शतकांचा संसार साफ! त्याला कुणी नासधूस म्हटलं नाही.

मिरची_पावडर
आणि मोकळं करून काय केलं, तर बैलांचे खेळ. फ्रान्समधल्याच नीम शहरातही तेच, रोमन रिंगणात आजही बैल मारतात. वापर हवा म्हणणाऱ्यांनी तेही गोड मानून घ्यावं.

निवांत नाखवा
ते मलाही पटत नाही. पण वापर होता म्हणूनच आर्ल शाबूत राहिलं. ज्यांचा वापर थांबला त्यांचे दगड लोकांनी घरं बांधायला नेले.

खापरतुकडा
गोदातीर, आर्लचा मुद्दा जोरदार आहे, पण तो माझ्याच बाजूचा. तिथे घाईने हटवलेलं परत येत नाही, सागुंतोत लाद्यांखाली गेलेलंही कुणी नीट बघू शकत नाही. शिवाय कायद्याचं काय? यातून प्रत्येक सरकार एवढंच शिकेल की आधी बांधून टाका, खटला काय, चालत राहील.

गोदातीर
म्हणून धडा शिकवायला लाद्या उखडायच्या? त्यांच्यासोबत खालचंही निघालं तर? शिक्षा द्यायची तर मंजुरी देणाऱ्यांना द्या, थिएटरला कशाला?