वॉर्डातच वरचे दूध सुरू झाले. आता बाळ अंगावर नीट पीत नाही

प्रश्न – नवीन_आई
सहा दिवसांपूर्वी सिझेरियन होऊन मला मुलगी झाली. दुसऱ्या रात्री ती सारखी रडू लागली, तेव्हा ‘अजून दूध उतरलेले नाही’ असे सांगून सिस्टरांनी बाटलीने पावडरचे दूध पाजले. बाळाला कसे धरायचे, हे शेजारी बसून दाखवायला मात्र कोणालाच सवड नव्हती. आता घरी ती अंगावर घेतली की चिडते, आणि मला चिरा पडल्या आहेत. जन्मतः वजन २.९ किलो होते, काल २.७ भरले. सासूबाई म्हणतात की दूधच कमी आहे. हे खात्रीने ओळखायचे कसे?

उत्तर – निवृत्त_परिचारिका
ताई, पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर, म्हणजे पाच ते सात मिलिलिटर दूध मावते आणि चीक, म्हणजे सुरुवातीचे घट्ट दूध, तेवढाच येतो. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियननंतर कधी आणखी उशिरा उतरते. त्यामुळे दुसऱ्या रात्रीच्या रडण्यावरून दूध कमी आहे असे ठरत नाही. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि शी पिवळी झाली असेल, तर दूध पोटात जात आहे. वजनातली सात टक्क्यांच्या आसपासची घट पहिल्या दिवसांत दिसते, पण आता काटा वर चढायला हवा आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन भरून यायला हवे, म्हणून दोन दिवसांत पुन्हा वजन करून बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

चिरा बहुधा चुकीच्या पकडीमुळे पडतात. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असे धरा. तोंड मोठे उघडल्यावरच जवळ घ्या. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि केवळ बोंडी नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात असावा. वरचे दूध एकदम तोडू नका. दिवसातून आठ ते बारा वेळा अंगावर घ्या, आणि पूरक म्हणून आधी स्वतःचे काढलेले दूध वाटी-चमच्याने द्या.

उत्तर – आशा_गटप्रवर्तक
सिझेरियन झालेल्या मातेकडे आशा ताईंच्या गृहभेटी सातव्या दिवसापासून धरल्या जातात, म्हणजे तुमच्याकडे उद्याच; त्यांना पाजताना समोर बसवा. सरकारचा ‘माँ’ कार्यक्रम २०१६ पासून स्तनपानाला मदत आणि प्रोत्साहन देण्यासाठीच आहे.

उत्तर – दोन_मुलांची_आई
एक सांगावेसे वाटते. माझ्या थोरल्याची साखर उतरली होती, त्याला डॉक्टरांच्या सांगण्यावरून वरचे दूध दिले आणि ते योग्यच होते. १९९२ च्या कायद्यानेही पावडरची जाहिरात आणि मातांना फुकट नमुने देणे यांवर बंदी आहे, गरजेपुरते दूध देण्यावर नाही. सिस्टरांनी कारण सांगायला हवे होते, एवढीच माझी तक्रार.

नवीन_आई
आज लंगोट मोजले, सात ओले झाले. कुशीवर झोपून पाजल्यावर ती पंधरा मिनिटे शांतपणे प्यायली. परवा वजन करून कळवते.