वहिनीचं स्लीपर ऑर्किड आणि कुंडीतला वाफसा

वहिनी: आत्या, फोटो बघा ना. स्लीपर ऑर्किडची पानं लोळायला लागलीत, हाताला मऊ लागतात. पाणी कमी पडतंय म्हणून आठवडाभर रोज घालतेय, तर आणखीच मलूल झालंय.

आत्या: आधी पाणी थांबव. तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून अगदी सारखंच दिसतं, कारण दोघांच्याही पानांपर्यंत पाणी पोचत नसतं. कुंडीत बोट घाल आणि सांग, आत ओलं आहे का?

वहिनी: चांगलंच ओलं. आणि काळं, मऊ, मातीसारखं.

आत्या: कुंडीतलं झाडाच्या सालीचं मिश्रण शेवटचं कधी बदललं होतंस?

वहिनी: बदललंच नाही. आणलं तसंच आहे, तीन वर्षं झाली.

आत्या: मग दुखणं तिथे आहे. साल कुजली की तिचा चुरा होतो आणि तो चुरा मुळांच्या आजूबाजूच्या पोकळ्या बुजवतो. त्यात हवा राहत नाही. आता अलगद उपटून बघ. कात्री मात्र अजून हातात घेऊ नको.

दादा: काढलं. सगळी मुळं तपकिरी आहेत. कापून टाकतो.

आत्या: अरे थांब! याची निरोगी मुळंसुद्धा तपकिरीच असतात, वर बारीक लव असते. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडसारखी पांढरी-हिरवी मुळं इथे शोधायची नाहीत. रंग बघून कापाकापी केल्याने कितीतरी चांगली रोपं गेली आहेत, म्हणून इतक्या घाईने लिहितेय. प्रत्येक मूळ दोन बोटांत हलकं दाब. टणक लागलं तर जिवंत. पोकळ लागलं, किंवा वरचं आवरण निसटून आत नुसता दोरा हाती आला, तर मेलेलं. तेवढंच काप, आणि कात्री आधी ज्योतीवर धरून घे.

दादा: चार टणक आहेत. बाकी सात-आठ गेली.

आत्या: चार पुष्कळ झाली. फुटवे किती?

वहिनी: दोन मोठे आणि एक छोटा कोंब.

आत्या: वेगळे करू नका. तीन फुटवे एकत्र असले तर एकमेकांच्या आधारावर तगतात. फुलून गेलेला जुना फुटवासुद्धा ठेवा. त्याला पुन्हा फूल येणार नाही, पण तो नव्याला पोसतो.

काका: मी सांगू का? बागेतली चांगली माती, थोडं शेणखत आणि कोकोपीट. ही जात जमिनीतच वाढते ना?

आत्या: भाऊ, जमिनीत म्हणजे शेतातल्यासारखी नाही. जंगलात उतारावर पालापाचोळ्याचा थर असतो, शेवाळ असतं, खडकांच्या फटी असतात. मुळं त्या थरात आडवी पसरतात. धो धो पाऊस पडला तरी पाणी वाहून जातं आणि मागे नुसता ओलावा उरतो. तीच माती कुंडीत भरली की पाणी तळाशी थांबतं. तू शेती केली आहेस, तुला एका शब्दात सांगते: हिला कायम वाफसा हवा.

काका: आता कळलं. चिखल नाही आणि धूळही नाही.

आत्या: तेच. डेंड्रोबियम किंवा कॅटलिया या ऑर्किडांना कांद्यासारखं फुगलेलं खोड असतं, त्यात ती पाणी साठवतात. हिच्याकडे साठवायला काहीच नाही, म्हणून पूर्ण सुकवून चालत नाही. आणि मुळांना श्वास हवा, म्हणून भिजत ठेवूनही चालत नाही. मिश्रण निवडायचं ते एवढ्यासाठीच: पाणी घातल्यावर दाण्याच्या आत ओल राहिली पाहिजे आणि दोन दाण्यांच्या मध्ये हवा.

वहिनी: मग नक्की काय घेऊ?

आत्या: पाइनची बारीक साल, ६ ते १० मिलिमीटरची, चार वाट्या. परलाइट, म्हणजे ते हलके पांढरे दाणे, एक वाटी, लाकडी कोळशाचे बारीक तुकडे एक वाटी. शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या वड्या घेऊ नकोस, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. सगळं चाळून धूळ काढून टाक, ती धूळच पुढे चिखल होते. साल रात्रभर पाण्यात ठेव. कोरडी साल पाणी पीत नाही, ते वरून ओघळून खाली जातं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं.

मी: आत्या, माझी कामाची फिरती असते. पाच-सहा दिवस पाणी द्यायला कुणी नसतं. मलाही हेच चालेल?

आत्या: तुझं वेगळं. तू त्यात मूठभर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरणारं वाळलेलं शेवाळ, कातरून घाल, म्हणजे ओल जास्त टिकेल, आणि प्लास्टिकची कुंडी घे. वहिनीचा हात पाण्याला सढळ आहे, तिने मॉस अजिबात घालू नये. मिश्रण झाडाइतकंच पाणी घालणाऱ्याच्या हाताप्रमाणे ठरवायचं. दुसऱ्याची कृती जशीच्या तशी उचलली की तिथेच फसतं.

दादा: सालीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे? घरात पोतंभर आहेत.

आत्या: चालतील, छान ओल धरतात. पण त्यात मीठ असू शकतं. दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजव, प्रत्येक वेळी एक दिवस. कोकोपीटचा भुसा मात्र नको.

काका: तळाला खापऱ्यांचा जाड थर तरी द्या. निचरा होतो.

आत्या: सगळे असंच सांगतात, मीही वर्षानुवर्षं देत होते. पण थर दिल्याने पाणी लवकर खाली उतरत नाही. बारीक मिश्रणातलं पाणी त्या थराच्या वरच अडतं, म्हणजे ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एखादी खापरी ठेव, साल सांडू नये एवढ्यापुरती. भोकं मात्र भरपूर हवीत.

वहिनी, कुंडी लहान घे. चार मुळांना ८-९ सेंटीमीटरची पुरे. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली साल ओलीच राहते. आणि रोप उंच बसवू नको. नवीन मुळं नव्या फुटव्याच्या बुडातून फुटतात, ते बूड मिश्रणाच्या साधारण १ सेंटीमीटर खाली हवं. उघडं राहिलं तर मूळ बाहेर येताच सुकतं. रोप डुगडुगत असेल तर काडीला बांध, हलतं रोप मुळं धरत नाही.

मी: शिंपल्यांचा चुरा घालतात असं वाचलंय.

आत्या: जातीवर आहे. निव्हियम, बेलाट्युलम या चुनखडीच्या खडकांवर वाढणाऱ्या जाती, त्यांना घालतात. वहिनीचं पान चट्ट्यापट्ट्यांचं आहे, फोटोवरून मॉडी प्रकारचा संकर दिसतो. पहिला मॉडी १९०० सालचा, कॅलोसम आणि लॉरेन्सिएनम या दोन जातींपासून केलेला, आणि इतक्या वर्षांनंतरही फार सोशिक. त्याला चुऱ्यावाचून काही अडत नाही. साल वेळेवर बदलली म्हणजे झालं. दर वर्षी, फार तर दीड वर्षाने. बाकीची ऑर्किडं हलवलेली रुसतात, ही मात्र ताज्या मिश्रणात खुलते.

वहिनी: बसवलं. आता पाणी? आमच्याकडे पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मी झाडांनाच घालते.

आत्या: याला ते घालू नकोस! यंत्राने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. पानांची टोकं तपकिरी आहेत ना, त्याचं कारण हेही असणार. शुद्ध झालेलं पाणी दे, किंवा पावसाचं. तेही गार नको, खोलीच्या तापमानाचं.

सकाळीच दे. भोकांतून वाहीपर्यंत घाल आणि पूर्ण निथळू दे, बशीत साठू देऊ नको. पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी गेलं तर कागदाच्या टोकाने टिपून घे. रात्रभर तिथे पाणी राहिलं की गाभा सडतो, आणि मुळं कितीही चांगली असली तरी तो फुटवा हातचा जातो. खत आत्ता नाही. नवीन मूळ दिसल्यावर, डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन काढायची.

मी: माझ्याकडचं फ्रॅग्मिपेडियम, तेही स्लीपर ऑर्किडच ना, ते पण असंच?

आत्या: नाही, ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्याकाठचं. त्यातल्या बऱ्याच जातींना बशीत १-२ सेंटीमीटर पाणी ठेवलेलं चालतं. पण क्षार त्यांना आणखीच सोसत नाहीत. पॅफला, म्हणजे वहिनीच्या या पॅफिओपेडिलमसारख्या रोपाला, बशी भरून ठेवलीस तर महिन्याभरात आज वहिनीकडे जे झालंय तेच होईल.

वहिनी: पण आत्या, किती दिवसांनी पाणी घालू? आकडा सांगा ना.

आत्या: दिवसांचा आकडा मी देणार नाही. ऊन, वारा, दमटपणा सगळं बदलत असतं. आज पाणी घालून निथळल्यावर कुंडी उचल, वजन हाताला लक्षात ठेव. वरचा थर कोरडा दिसेल, पण आत ओल असते. हलकी वाटायला लागली पण अजून पुरती हलकी झाली नाही, तेव्हा द्यायचं. हाताचा भरवसा वाटत नसेल तर तराजू घे.

दादा: तराजू आणला. निथळल्यावर २८५ ग्रॅम.

आत्या: कुंडीवर लिहून ठेव. आता सावलीत, थोड्या दमट जागी ठेवा. पानं लगेच ताठ होणार नाहीत. चार मुळांवर चाललंय, दीड-दोन महिने धीर धरा.

*(पाच दिवसांनी)*

वहिनी: आत्या, २४० ग्रॅम. वरची साल कोरडी आहे, काडी खुपसली तर टोकाला किंचित ओल लागतेय. पानं अजून तशीच आहेत. पण छोट्या कोंबाच्या बुडाशी काहीतरी तपकिरी टोक दिसतंय, बघा, फोटोत डावीकडे.

आत्या: मूळ आहे ते. हात लावू नकोस, त्याचं टोक फार नाजूक असतं. उद्या सकाळी पाणी दे.