मदत हवी आहे: श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारांचे वयोगटनिहाय मृत्युदर एका तक्त्यात कसे मांडावेत?

नमस्कार.

मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी मी एक टिपण तयार करत आहे. सभासदांचा प्रश्न सरळ आहे: कोविड, नेहमीचा फ्लू, स्वाइन फ्लू आणि सार्स यांपैकी कोणता आजार किती घातक? एका आजाराला एकच आकडा देऊन हे उत्तर देता येईल असे मला वाटत नाही, म्हणून वयोगटानुसार तक्ता करायला घेतला. परंतु त्यात भरायचे आकडे मुळात एकाच जातीचे नाहीत.

अडचण छेदाची आहे, म्हणजे मृत्यूंच्या संख्येला कोणत्या संख्येने भागायचे याची. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनने कोविडचे निदान झालेल्या ४४,६७२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १,०२३ दगावले, म्हणजे २.३ टक्के. ऐंशीच्या पुढच्यांत हे प्रमाण १४.८ टक्के होते आणि दहा वर्षांखालील एकही मूल दगावले नव्हते. त्याच वर्षी प्रतिपिंड (अँटिबॉडी) तपासण्यांच्या आधारे, निदान न झालेले बाधितही हिशेबात घेऊन केलेल्या अंदाजात, दहाव्या वर्षी ०.००२ टक्के, पंचविसाव्या वर्षी ०.०१, पंचावन्नाव्या वर्षी ०.४, पासष्टाव्या वर्षी १.४, पंचाहत्तराव्या वर्षी ४.६ आणि पंच्याऐंशीव्या वर्षी सुमारे १५ टक्के असे प्रमाण आले. शेवटचे आकडे जवळपास सारखे दिसतात, पण एक रुग्णांमागे आहे आणि दुसरा बाधितांमागे, त्यामुळे ते शेजारी ठेवण्याचा मोह मी टाळला आहे.

सार्सच्या बाबतीत हा प्रश्न कमी बोचतो, कारण त्यात लक्षणांविना सुटलेले बाधित फार थोडे होते. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या अंदाजानुसार चोवीस वर्षांपर्यंत एक टक्क्याहून कमी, २५ ते ४४ वयोगटात ६ टक्के, ४५ ते ६४ मध्ये १५ टक्के आणि पासष्टीनंतर ५० टक्क्यांहून अधिक मृत्यू झाले.

फ्लूपाशी मात्र गाडी पूर्ण अडते. फ्लूच्या बहुतेक मृत्यूंत विषाणूची तपासणीच होत नाही आणि दाखल्यावर अनेकदा नुसता न्यूमोनिया लिहिला जातो, म्हणून हंगामातील अतिरिक्त, म्हणजे नेहमीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या, मृत्यूंवरून लोकसंख्येमागे अंदाज बांधावा लागतो. शिवाय हाताशी येणारी माहिती बहुधा मृतांमधील वाट्याची असते: अमेरिकेत हंगामी फ्लूने दगावणाऱ्यांत सुमारे ७० ते ८५ टक्के पासष्टीपुढचे असतात, तर २००९ च्या स्वाइन फ्लूच्या जागतिक अंदाजात सुमारे ८० टक्के मृत पासष्टीच्या आतले होते. हे वाटे बोलके आहेत, पण ते दर नव्हेत. १९१८ च्या साथीत, जी जून महिन्यात मुंबई बंदरातून देशात पसरली, विशी ते चाळिशीतली माणसे मोठ्या प्रमाणात गेली. त्यामुळे वृद्धांना धोका जास्त हे गृहीतकही प्रत्येक साथीला लागू होत नाही. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या आणखी एका विषाणूचा आलेख तर सहा महिन्यांखालील बाळे आणि वृद्ध अशा दोन्ही टोकांना वर जातो.

एकत्रित आकडा किती फसवा असतो याचे उदाहरण मार्च २०२० मधले आहे: इटलीत रुग्णांमागे मृत्यूंचे एकूण प्रमाण ४.३ टक्के, म्हणजे चीनपेक्षा जास्त होते, तरीही प्रत्येक वयोगटात स्वतंत्रपणे पाहिल्यास ते चीनपेक्षा कमी होते, कारण इटलीचे रुग्ण अधिक वयस्क होते. जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या भागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांमधील ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली होती, आणि बाधितांमागे मृत्यू ०.०५ ते ०.१० टक्के असावेत असे म्हटले गेले. वय वेगळे न काढता हा आकडा युरोपातील आकड्याशेजारी ठेवणे मला पटत नाही. (संघात तो नेमका तसाच वापरला जातो, हे जाता जाता सांगतो.)

जाणकारांना विचारायचे ते असे. फ्लूसाठी वयोगटनिहाय, बाधितांमागे मृत्यू असे विश्वासार्ह अंदाज उपलब्ध आहेत का, की दोन वेगळे तक्ते करून छेद ठळकपणे लिहिणेच प्रामाणिक ठरेल? वयप्रमाणित दर, म्हणजे सगळीकडे एकच वयरचना धरून तुलनेसाठी काढलेला दर, काढायचा झाल्यास २०११ च्या जनगणनेतील मुंबईची वयरचना घ्यावी, जी आता जुनी झाली आहे, की जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण लोकसंख्या, जी आपल्या शहराची नाही? आणि ०.००२ पासून १५ टक्क्यांपर्यंतचा, साडेसात हजार पटींचा फरक साध्या आलेखात मावत नाही. लघुगणकीय पट्टी (जिच्यावर प्रत्येक सारखे अंतर सारख्याच पटीची वाढ दाखवते) सत्तरीच्या वाचकांना समजेल अशी कोणी मांडली असेल, तर तिचा नमुना पाहायला आवडेल. मृत्यूच्या दाखल्यांवरील कारणांचे संकेतांकन ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी न्यूमोनियाच्या नोंदींतून फ्लू कसा वेगळा काढतात, हे सांगितल्यास विशेष उपयोग होईल.