मुलांचं वजन वाढू नये म्हणून: घरातले, शाळेतले अनुभव लिहा

नमस्कार. वजन वाढून बसल्यावर ते कसं उतरवायचं यावर भरपूर बोललं जातं. मला त्याच्या आधीचं ऐकायचंय. ते वाढत जाऊ नये म्हणून तुमच्या घरी, मुलांच्या शाळेत काय बदललं, कुठे अडलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ५ ते १९ वयाची ३९ कोटींहून अधिक मुलं जादा वजनाची होती, त्यांतली १६ कोटी लठ्ठ. एवढ्या मुलांचा स्वभाव एकदम बिघडला असं होत नाही, त्यांच्या भोवतालचं जगणं बदललंय. म्हणून विनंती एवढीच, की मुलांना दोष देणारं लिहू नका.

सुरुवात मी करते. मुलगी आठ वर्षांची असताना डॉक्टरांनी वाढीचा तक्ता समोर ठेवला. मोठ्यांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा, आकडा मुलांना जसाच्या तसा लावत नाहीत, वय आणि मुलगा की मुलगी हे धरून तक्त्यावर बघतात. तिची रेघ वर सरकत होती. "किती किलो कमी करायचे?" मी विचारलं. "एकही नाही," ते म्हणाले. "उंची वाढतेय. वजन आहे तिथे राहिलं तरी प्रमाण जुळत जाईल." मग आम्ही तिचं ताट वेगळं केलं नाही. घरात गोड पेयं आणणंच थांबवलं, सगळ्यांसाठी. ३३० मिलिलिटर कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ४० ग्रॅमच्या आसपास येते. आणि त्या मर्यादेत फळांचा रसही धरतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता फळ चावून खायचं, तहानेला पाणी.

खेळाच्या शिक्षिका
ताई, शाळेचं मी सांगते. परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा. गणिताचे सर तास मागतात आणि मिळतो. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, म्हणजे शाळेतली खेळाची तासिका पूर्ण मिळाली तरी ती पुरत नाही. पण तास मिळूनही काय होतं ते बघा. पकडापकडीत जो आधी बाद होतो तो उरलेला वेळ कट्ट्यावर बसतो. आणि आधी बाद कोण होतं? ज्याला पळायची सर्वांत जास्त गरज आहे तोच! मी बाद होणं काढून टाकलं. पकडला गेला की बाजू बदलायची, खेळ चालूच. कर्णधारांनी एकेक गडी निवडायची पद्धतही बंद केली, कारण शेवटी उरणारी मुलं दर वेळी तीच असायची. 'पोट दुखतंय' म्हणून वर्गात थांबणारी दोघं आता मैदानावर येतात. वजनं मी मोजलेली नाहीत, मोजणारही नाही.

एक बाबा
आमच्याकडे प्रश्न झोपेचा निघाला. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते. आमचा मुलगा उशिरापर्यंत स्क्रीनपुढे, सकाळी शाळा, आणि संध्याकाळी सतत खा-खा. कमी झोपेने भूक वाढते हे डॉक्टरांनी समजावलं. आता रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, माझाही.

आजी
नातवाने पाढे म्हटले की चॉकलेट, रडला की बिस्किट, असं चालायचं. सुनेने नीट बसून सांगितलं, "आई, बक्षीस म्हणून त्याच्याबरोबर खेळा ना." आता पत्त्यांचा डाव मांडतो. ताटातलं संपवच हा आग्रहही सोडला. त्याला पोट भरल्याचं कळतं.

वाचक, वय तिशीतलं
माझ्या शाळेत वर्गासमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचायचे. त्या दिवसापासून मी खेळायला जाणं सोडलं आणि लपून खायला लागले. चिडवल्याने कुणी बारीक होत नाही, उलट वजन वाढण्याचा धोका वाढतो, असं संशोधनही सांगतं. घरी आईने एकदाही माझ्या शरीरावर बोट ठेवलं नाही. तिच्याबरोबर रोज संध्याकाळी चालायला जायचे, तेवढीच हालचाल माझ्या आयुष्यात उरली होती. शाळांना कळकळीने सांगते, मोजायचंच असेल तर एकेकाला आत बोलवा आणि आकडा फक्त पालकांना बंद पाकिटात द्या.

पालक-शिक्षक समितीतली आई
वरचं वाचून लिहितेय. आमच्या शाळेत वजन आता आरोग्य खोलीतच होतं, त्यासाठी दोन बैठका भांडावं लागलं. वाढदिवसाला वर्गात खाऊ वाटण्याऐवजी त्या मुलाने आवडता खेळ निवडायचा, हे मात्र मुलांनी लगेच उचललं. पाण्याचं काम अजून अडलंय. नळ एका टोकाला, गोड पेयांचं दुकान फाटकाशी. मुलं जवळचं घेणारच. नळ मैदानाजवळ आणायचा अर्ज दिलाय. कुणाच्या शाळेत असं झालं असेल तर कसं करवून घेतलं ते लिहा.